उत्पन्नाचा दाखला आणि बाईची सही

(कोल्हापुरात झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



जून-जुलै आला की आपल्या केंद्रात कौटुंबिक छळाच्या तक्रारींपेक्षा जास्त गर्दी कॉलेजच्या फॉर्मची असते. आया मुलींना घेऊन येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, सातबारा, मार्कशीट, आधार. "ताई, एवढा फॉर्म भरून द्या की." आणि फॉर्म भरता भरता एक प्रश्न हमखास येतो, "उत्पन्न किती घालायचं ओ?" 'किती आहे' असं कुणी विचारत नाही, 'किती घालायचं' असं विचारतात. आज मला त्या प्रश्नावरच बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या चळवळीचा विषय आहे? शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर खोटं उत्पन्न लिहू नये, हे शाळेतल्या गुरुजींनी सांगावं. पण गेली काही वर्षं हे फॉर्म भरताना, आणि त्याच बायकांच्या पोटगीच्या केसेस चालवताना, मला एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली आहे. मुलीच्या फीसाठी काढलेला खोटा दाखला आज ना उद्या तिच्या आईच्या विरोधात वापरला जातो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

बाराशे रुपयांची सवय

आपलं शहर वसतिगृहांचं शहर. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पैशावाचून कुणाचं शिक्षण अडू नये, हा विचार या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे.

पुढे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ई.बी.सी.ची सवलत आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल त्याला फी माफ. खेड्यापाड्यातली किती तरी पोरं त्यावर शिकली. पण त्याबरोबर एक सवयही लागली. बाराशेच्या आत बसायचं म्हणजे बसायचंच. घरात बैलजोडी असो, विहीर असो, दाखल्यावर आकडा अकराशे काहीतरी. त्यात कुणाला गैर वाटत नसे.

आज परिस्थिती काय आहे? राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय घेतला, त्यानुसार इतर मागास वर्ग, एस.ई.बी.सी. आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी निम्मं माफ होतं. तिथेही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच आहे. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मात्र मर्यादा अडीच लाखांची आहे. हा फरक का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे, त्याकडे मी शेवटी येते.

आता दोन एकर उसाच्या घराचा हिशेब करू. एकरी चाळीस टन धरा. ८० टन झाला. २०२४-२५च्या हंगामात केंद्राने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होता. म्हणजे दोन लाख बहात्तर हजार. त्यातून तोडणी-वाहतूक, खत, बियाणं, पाणीपट्टी, सोसायटीचं व्याज जातं. त्यात दोन म्हशींचं दुधाचं बिल मिळवा. तरी हे घर ८ लाखांच्या आसपासही पोचत नाही. या घरानं खरं उत्पन्न लिहिलं तरी त्याच्या पोरीची फी माफ होते. मग तलाठ्याकडे जाऊन अठ्ठेचाळीस हजारांचा दाखला कशाला आणायचा? कारण सवय. शेजाऱ्यानं अठ्ठेचाळीस घातलं, आपणही घालायचं. जास्त घातलं तर पुढे कुठंतरी अडेल, ही भीती. फॉर्म भरणारा पोरगा पण सांगतो, "कमीच घाला मावशी, सेफ असतं."

सेफ कुणाला? ते बघू.

तोच दाखला कोर्टात

एका बाईची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगत नाही. नवऱ्याने टाकलेली. मुलगी अकरावीला असताना नवऱ्याने फीच्या सवलतीसाठी दाखला काढला होता, वर्षाला पन्नास हजारांच्या आतला. फॉर्मवर आईची सही घेतली होती. तिने वाचली नव्हती, सही कर म्हणाले, केली. तीन वर्षांनी ती पोटगी मागायला गेली. नवऱ्याच्या वकिलाने तोच दाखला पुढे ठेवला. "साहेब, हा सरकारी कागद. अर्जदार बाईंनी स्वतः सही करून हेच उत्पन्न मान्य केलेलं आहे." त्या माणसाकडे ऊस होता, ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टर भाड्याने चालत होता. पण कागदावर तो मजुरापेक्षा गरीब. आणि कागदावर बाईची सही.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दिलं पाहिजे. शेती, घर, वाहन, बँकेतले पैसे, दागिने, कर्जं, सगळं. हा खटला नागपूरचाच. आपल्याला हे हत्यार मिळालं. पण 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द लक्षात ठेवा. बाईनेही आपलं शिवणकाम, दुधाचे पैसे, अंगावरचं सोनं लिहायचं आहे. आपण नवऱ्याकडे खरं मागणार असू, तर आपला कागद आधी खरा पाहिजे. आणि आधीच्या पाच वर्षांत शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर आपण भलतंच मान्य करून ठेवलं असेल, तर ते खोडून काढता काढता नाकी नऊ येतात.

दुसरी जागा अपघाताच्या भरपाईची. घरचा कर्ता रस्त्यावर गेला, तर भरपाई त्याच्या उत्पन्नावर ठरते. सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं कोष्टक घालून दिलं. छत्तीस ते चाळीस वयाचा माणूस असेल तर पंधराने गुणायचं. मागे बायको आणि दोन मुलं असतील तर उत्पन्नातला एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा करायचा. आता बाकीचे हिशेब बाजूला ठेवून एवढंच बघा. वर्षाला २ लाख ४० हजार खरं उत्पन्न असेल, तर वजा जाता १ लाख ६० हजार, गुणिले पंधरा, म्हणजे २४ लाख. आणि दाखला ४८ हजारांचा असेल, तर ३२ हजार गुणिले पंधरा, ४ लाख ८० हजार. विमा कंपनीचा वकील तोच दाखला शोधून काढतो. फीमध्ये ज्याची गरजच नव्हती, त्या खोटेपणाची किंमत विधवेने मोजायची.

एकाच माणसाची तीन उत्पन्नं मी बघितली आहेत. कॉलेजला एक, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेला दुसरं, कोर्टात तिसरं. बँकेतलं सगळ्यात मोठं असतं. या तिन्ही कागदांपैकी एकही बायकोला घरात दिसत नाही.

मालमत्ता कुणाची?

उत्पन्नाबरोबर मालमत्तेचंही तसंच आहे. काही योजनांत जमिनीचा प्रश्न येतो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांचा विचार होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं केंद्राचं प्रमाणपत्र हवं असेल तर २०१९च्या नियमाप्रमाणे कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असता कामा नये, हजार चौरस फुटांचा फ्लॅट असता कामा नये. मग काय होतं? घरात एरवी सुनेचं नाव सातबाऱ्यावर लावायचं म्हटलं की भूकंप होतो. पण अल्पभूधारक व्हायचं असलं की रातोरात तिच्या नावावर दीड एकर चढतं. सीलिंगच्या कायद्याच्या वेळी हेच झालं होतं, जमिनी वाचवायला बायकांची नावं आठवली होती. काम झालं की तिला सांगतात, "नावापुरतं आहे, कसायला आमचंच."

मी अशा बायकांना सांगते, नाव लागलं ना, आता ते नाव खरं समजा. सातबारा आणि आठ-अ काढून जवळ ठेवा. पुढे कुणी बक्षीसपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर सही मागितली तर आधी आमच्याकडे या. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार करणारा कायदा झाला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. जी मुलगी शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर 'कुटुंबाची जमीन' असं लिहिते, ती त्या जमिनीत हिस्सेदार आहे, हे तिला त्याच वेळी सांगायला हवं. फॉर्म भरणं ही हक्क शिकवायची फार चांगली वेळ असते.

आणि सोनं. मुलाला पैसे भरून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घ्यायचा असला की घरचं सोनं निघतं. हे 'घरचं' सोनं असतं कुणाचं? बाईचं. स्त्रीधन हे तिच्या एकटीच्या मालकीचं, हे १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगून झालंय. मुलीच्या वेळी मात्र उत्तर तयार असतं, "फुकटात बसत असेल तर शिकव, नाहीतर गावातच बी.ए. कर." म्हणजे मुलासाठी घर श्रीमंत आणि मुलीसाठी गरीब. फॉर्मवर खोटं लिहिणारं घर बऱ्याच वेळा मुलीशीही खोटं बोलत असतं. आपली ऐपत किती, हे तिला कधी कळूच देत नाही.

'वेगळे राहतो' असं कुणी म्हणायचं?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. टाकलेल्या बाईच्या मुलीचं 'कुटुंब' कुठलं? फॉर्ममध्ये वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचा दाखला. वडील सात वर्षांत घरी फिरकलेले नाहीत. घटस्फोट झालेला नाही, कारण कोर्टात जायला पैसा नाही. मग अधिकारी म्हणतात, "कायद्याने नवरा आहे ना, त्याचं उत्पन्न आणा." तो देत नाही. मुलीची फी अडते. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून आपण म्हणतोय की टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब माना. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लागेल. चांगलं झालं. पण नाव लागलं म्हणून आईचा दाखला चालेलच असं नाही.

या बायकांचं नुकसान कोण करतं? ज्यांना गरज नाही आणि जे 'आम्ही वेगळे राहतो' हे सोंग वापरतात ते. २०२४ मधलं पूजा खेडकर प्रकरण तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. नॉन-क्रिमी लेयरचा दाखला, आणि त्याच वर्षी वडिलांच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात सुमारे चाळीस कोटींची मालमत्ता. आई-वडील विभक्त असल्याचा खुलासा पुढे आला, तेव्हा महाराष्ट्रभर लोक त्यावर हसले. ३१ जुलै २०२४ रोजी लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. फौजदारी बाजूवर बोलणं कोर्टाचं काम आहे, माझं नाही. मला एवढंच दिसतं, की त्या हसण्यानंतर तहसील कचेरीत 'आम्ही वेगळ्या राहतो' म्हणणाऱ्या खऱ्या परित्यक्तेकडेही संशयाने बघायला लागले.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये शिकागोजवळच्या भागातलं प्रकरण गाजलं. खात्यापित्या घरच्या आईबापांनी मुलं सतरा वर्षांची झाली की कोर्टातून त्यांचं पालकत्व मावशीला, मित्राला देऊन टाकलं. कागदावर मूल निराधार, म्हणून कॉलेजची मदत मंजूर. तिथे आईबाप वेगळे असतील तर कुणाचं उत्पन्न धरायचं, यावर पुष्कळ विचार झाला आहे. आधी मूल ज्याच्याकडे राहतं त्याचं धरत, २०२४-२५ पासून जो पालक मुलावर जास्त खर्च करतो त्याचं धरतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. पण बघा, ते लग्नाच्या कागदापाशी थांबत नाहीत, पोसतं कोण हे विचारतात. आपली मागणी नेमकी हीच असायला हवी. जो पोसत नाही, त्याचं उत्पन्न मुलीच्या आड येऊ देऊ नका.

मग आपण काय करायचं?

पहिलं, आकडा कागदावर मांडायचा. ऊस, दूध, मजुरी, पगार, भाडं, सगळं लिहून काढायचं. खर्च वेगळा लिहायचा. कुटुंबात कोण धरायचं ते योजनेच्या नियमात वाचायचं. आर्थिक दुर्बल घटकाच्या केंद्राच्या नियमात आई-वडील, अठराच्या आतली भावंडं येतात. चुलते, आजोबा, कमावता मोठा भाऊ येत नाहीत. एकत्र कुटुंबातल्या बायका सगळ्या खटल्याचं उत्पन्न धरून घाबरतात आणि मग खोटं लिहायला तयार होतात. नियम नीट वाचला तर बहुतेक वेळा खोट्याची गरजच उरत नाही. शिवाय सगळ्या योजनांचे नियम एक नाहीत. केंद्राच्या ओबीसी दाखल्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न, उत्पन्नाच्या मर्यादेसाठी धरत नाहीत. दुर्बल घटकाच्या दाखल्यात दोन्ही धरतात. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

दुसरं, आईने वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाचता येत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचून दाखवायचं. २०१५ पासून बहुतेक दाखल्यांना स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, स्वयंघोषणापत्र चालतं. लोकांना वाटतं, साधा कागद आहे. त्याच कागदावर खाली लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर फौजदारी कारवाई होईल. सही करणारी सापडते, आकडा सांगणारा सापडत नाही.

तिसरं, प्रत्येक फॉर्मची आणि दाखल्याची झेरॉक्स बाईजवळ पाहिजे. डब्यात, कपाटात, माहेरी, कुठेही. खरा दाखला असेल तर पोटगीत तोच तिचा पुरावा होतो.

चौथं, परित्यक्तेच्या मुलीचा फॉर्म असेल तर वेगळं राहण्याचे कागद आजपासून जमवायचे. स्वतंत्र रेशनकार्ड, घरभाड्याची पावती, पोलिसांतली तक्रार, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, पोटगीच्या अर्जाची प्रत. जूनमध्ये धावपळ करून हे मिळत नाही.

पाचवं, आणि हे आपल्या स्वतःसाठी आहे. आपल्या केंद्रातून कुणाचाही फॉर्म कमी आकडा घालून भरायचा नाही. "ताई, सगळे घालतात" म्हणून नाही, "बिचारी गरीब आहे" म्हणूनही नाही. खरोखर गरीब असेल तिला खोट्याची गरज नाही. मर्यादेच्या थोडी वर असेल, तर तिच्याबरोबर मर्यादा वाढवण्यासाठी निवेदन घेऊन जाऊ. आपण आज नवऱ्याचा खोटा आकडा लिहून दिला, तर उद्या कोर्टात त्याच आकड्याला खोटं कोणत्या तोंडाने म्हणणार?

कुणी विचारेल, मोठमोठे बागायतदार सवलती लाटतात, त्यांना कोण पकडतं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे ते कुठे दिसतच नाही. पगारदार शिक्षिकेचा पै-पैचा हिशेब फॉर्म सोळावर येतो. हा अन्याय आहे, मान्य. पण त्याचं उत्तर मोठ्यांकडून हिशेब मागणं हे आहे. वसतिगृहातल्या खाटा मोजक्या असतात. मोटारसायकलवरून येणाऱ्या बागायतदाराच्या मुलीने एक खाट अडवली, तर चंदगड-आजऱ्याच्या डोंगरातली, एस.टी.शिवाय दुसरी सोय नसलेली एक मुलगी परत जाते. ती परत गेली की वर्षभरात तिच्या लग्नाची पत्रिका येते. हे आपण बघितलेलं आहे.

म्हणून सरकारकडे आपल्या मागण्या तीन. परित्यक्ता आईचा एकटीचा दाखला तिच्या मुलीला चालला पाहिजे. अनुसूचित जातीच्या मुलींची अडीच लाखांची मर्यादा इतरांच्या बरोबरीने वाढली पाहिजे. आणि उत्पन्नाचा दाखला देताना नवरा-बायको दोघांना बसवून, दोघांसमोर आकडा वाचून दाखवला पाहिजे. ही तिसरी मागणी तुम्हाला किरकोळ वाटेल. पण घरात किती येतं, हे ज्या घरात बाईला पहिल्यांदा तहसील कचेरीत कळेल, त्या घरात पुढे पुष्कळ गोष्टी बदलतील.

प्रश्न असतील ते आता विचारा. आणि ज्यांनी यंदाचे फॉर्म पिशवीत आणलेत, त्यांनी जेवणानंतर थांबा, आपण एकत्र बसून भरू.